तेरेखोलच्या दोन काठांवरचं व्याज

आरोंद्याहून किरणपाणीला जायला आता पूल आहे. खाली तेरेखोल नदी, उत्तरेला सिंधुदुर्ग जिल्हा, दक्षिणेला गोव्यातला पेडणे तालुका. पूल ओलांडायला गाडीला मिनिटभरही लागत नाही. दोन्हीकडे माड तेच, काजू तेच, गाऱ्हाणं घालायची पद्धत तीच, बोलीही थोडा हेल बदलून तीच. सोयरिकी तर किती पिढ्यांच्या! तरी त्या एका मिनिटात दोन गोष्टी बदलतात. जमिनीचा सात-बारा एक-चौदा होतो. ही पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पुलाच्या या टोकाला नवऱ्याच्या नावावरच्या मुदत ठेवीचं व्याज नवऱ्याचं असतं. त्या टोकाला तेच व्याज, ठेवीवर बायकोचं नाव असो वा नसो, कायद्याच्या दृष्टीनं अर्धं तिचं झालेलं असतं.

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कागदावर आकडे मांडून पाहिले. तुम्हीही मांडून पाहा. समजा, दोन व्याही आहेत. एक आरोंद्याचे, एक किरणपाणीचे, दोघेही महाविद्यालयातून प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले. दोघांनाही वर्षाला 9 लाख रुपये पेन्शन आणि दोघांनाही ठेवींवर वर्षाला 5 लाख व्याज. दोघांच्या पत्नींनी आयुष्यभर घर सांभाळलं, त्यांच्या नावावर वेगळी कमाई नाही. 2025-26 या आर्थिक वर्षाची नवी करपद्धत दोघांना लावू.

आरोंद्याच्या व्याह्यांचं उत्पन्न 14 लाख. त्यातून पेन्शनवरची 75,000 ची प्रमाणित वजावट गेली, उरले 13,25,000. पहिल्या 4 लाखांवर काही नाही, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000, राहिलेल्या सव्वा लाखावर 15 टक्क्यांनी 18,750. एकूण 78,750, वर 4 टक्के उपकर. भरायचे 81,900 रुपये.

किरणपाणीच्या व्याह्यांचं गणित निराळं. पेन्शन त्यांची एकट्याची, पण व्याजातले अडीच लाखच त्यांचे. वजावटीनंतर त्यांचं उत्पन्न होतं 10,75,000. बारा लाखांच्या आत असल्यामुळे सवलत मिळून कर शून्य. विहीणबाईंच्या वाट्याला अडीच लाख आले, तेही करपात्र मर्यादेच्या खाली. तिथंही शून्य.

"कर किती भरलात यंदा?" असा विषय सोलकढीच्या वाटीवर निघालाच, तर एकाचं उत्तर 81,900 आणि दुसऱ्याचं "एक पैसो नाय." कोणी चोरी केलेली नाही, कोणी हुशारीही केलेली नाही. फक्त नदी मधे आहे.

आणखी गंमत पुढे. आरोंद्याच्या व्याह्यांनी हे ऐकून ठरवलं, की आपणही अर्धी रक्कम बायकोला देऊन तिच्या नावावर ठेव करू. करता येते, पण प्राप्तिकर खातं त्या ठेवीचं व्याज पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतं. पत्नीला फुकट दिलेल्या पैशावरचं उत्पन्न देणाऱ्याचंच धरायचं, असा नियम आहे. म्हणजे एका काठावर नवऱ्यानं स्वतःहून अर्धं दिलं तरी कायदा ते मानत नाही, आणि दुसऱ्या काठावर नवऱ्याच्या मनात नसलं तरी कायदा अर्धं करूनच टाकतो!

याचं मूळ शोधत मागं गेलं की वाट थेट सावंतवाडीच्या दरबारात जाते. डिचोली आणि पेडणे हे मूळचे भोसल्यांच्या सावंतवाडी संस्थानचे मुलूख. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ते पोर्तुगिजांकडे गेले, पेडणे 1788 च्या तहानं. गोव्यात या भागाला अजून 'नव्या काबिजादी' म्हणतात. सव्वादोनशे वर्षं झाली तरी त्या नव्याच आहेत. तो तह वेगळा झाला असता तर पेडण्यात आज सात-बारा असता आणि आपले किरणपाणीचे व्याही 81,900 चं चलन भरत बसले असते.

पुढचा टप्पा लिस्बनचा. तिथं 1867 साली पोर्तुगालचा नागरी कायदा मंजूर झाला. 1 जुलै 1870 पासून तो समुद्रापलीकडच्या वसाहतींनाही लागू झाला आणि त्यात पेडणे-डिचोलीही आले. या कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा. या पद्धतीचं पोर्तुगीज नाव 'कोमुन्यांव दुश बेंश'. गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, कायदा मात्र राहिला. आणि खुद्द पोर्तुगालनं 1966 मध्ये तो जुना कायदा मोडीत काढून नवा केला. तिथं आता करार नसेल तर फक्त लग्नानंतर कमावलेलं तेवढं सामाईक धरतात. म्हणजे लिस्बनमध्ये जी तरतूद इतिहासजमा झाली, ती तोरसे आणि सांखळीच्या पोस्टातल्या पासबुकांवर अजून रोजच्या रोज काम करते आहे.

भारताच्या प्राप्तिकर कायद्यानंही हे मान्य केलं. 1961 च्या कायद्यात त्यासाठी कलम 5अ घातलं गेलं आणि 2025 च्या नव्या कायद्यातही ही तरतूद पुढे चालू ठेवली आहे. जाता जाता एक सांगतो. या 5अ मध्ये पोर्तुगीज नागरी कायद्याचं साल 1860 असं छापलं होतं. कायदा 1867 चा. इतकी वर्षं ते तसंच राहिलं आणि कोणाचं काही अडलं नाही. बँकेत आपल्या नावातला एक काना चुकला तर चार खेटे घालावे लागतात, हे त्या वेळी आठवतं.

आता व्यवहाराचं. अर्धं होतं ते काय? व्याज, घरभाडं, धंद्याचं उत्पन्न, जमीन किंवा शेअर विकून झालेला नफा. अर्धा होत नाही तो पगार. ज्यानं कमावला त्याचाच. स्वतःच्या नोकरीची पेन्शन कायद्याला पगारासारखीच दिसते, म्हणून ती पुरती पेन्शनरची. एकाच घरात एकाच महिन्यात दोन रकमा येतात, पेन्शन आणि व्याज. एक अखंड राहते, दुसरी दुभंगते. ही दुभागणी विवरणपत्रात आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळं परिशिष्ट असतं. त्यात जोडीदाराचं नाव, पॅन आणि कुठल्या उत्पन्नातला किती वाटा तिकडे गेला ते भरावं लागतं. गोव्याबाहेरच्या कर-सल्लागारांना ते बहुतेक वेळा माहीतच नसतं. मुलगा पुण्याला असतो, तो तिथल्या ओळखीच्या सीएकडून आईबाबांचं विवरणपत्र भरून घेतो आणि परिशिष्ट कोरं राहतं. माझ्या पाहण्यात असं एकापेक्षा जास्त घरांत झालंय.

दुसरी मेख टीडीएसची. बँक ज्याच्या नावावर ठेव त्याच्या पॅनवर कर कापते. आपल्या उदाहरणात 5 लाखांवर 10 टक्के म्हणजे 50,000 कापले, सगळे नवऱ्याच्या नावावर. पण व्याज अर्धं बायकोचं म्हटल्यावर त्यातले 25,000 ही तिचे. ते परत हवे असतील तर तिनं स्वतःचं विवरणपत्र भरायला हवं. "माझं कसलं उत्पन्न?" म्हणणाऱ्या गृहिणीला साठीनंतर पहिल्यांदा पॅन कार्ड काढावं लागतं ते अशा वेळी. मला हा क्षण फार विलक्षण वाटतो. चाळीस वर्षांपूर्वी तिनं नागरी निबंधकाच्या कार्यालयात लग्नाच्या दोन सह्या केलेल्या असतात. गोव्यात पहिली सही आणि काही दिवसांनी दुसरी, अशी रीतच आहे. घरच्यांच्या लेखी खरं लग्न मांडवातलं, सह्या म्हणजे सरकारी सोपस्कार. पण तिला अर्ध्याची मालकीण केलं ते त्या सह्यांनी.

मालकी पुढे मरणाच्या वेळी खरी दिसते. नवरा गेल्यावर गोव्यातल्या बायकोला तिचा अर्धा भाग वारसाहक्कानं मिळत नाही, कारण तो मुळातच तिचा असतो. वाटणी होते ती नवऱ्याच्या अर्ध्याची. त्यातलाही निम्मा भाग मुलांसारख्या जवळच्या वारसांसाठी राखीव. मृत्युपत्र करून मनाप्रमाणे द्यायचा तो उरलेला निम्मा. म्हणजे एकूण घरदाराच्या चौथ्या हिश्श्यापुरतंच माणसाचं मन चालतं! मुलगा बघत नाही म्हणून सगळं पुतण्याच्या नावावर लिहून ठेवतो, ही धमकी मराठी नाटकांत बरी. डिचोलीत ती कागदावर उतरत नाही.

मृत्युपत्राची रीतही निराळी. महाराष्ट्रात साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की मृत्युपत्र होतं. गोव्यात ते नोटरीसमोर करावं लागतं आणि हा नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर छत्रीखाली बसणारा वकील नव्हे. उपनिबंधकच इथं विशेष नोटरी असतो. 2012 साली झालेला आणि 2016 च्या डिसेंबरात अमलात आलेला गोव्याचा वारसाविषयक कायदा आता हे सगळं चालवतो. वारस ठरवायला 'सक्सेशन डीड', वाटणी करायला कोर्टातली 'इन्व्हेंटरी', हे शब्द इथल्या घराघरांत गणपतीच्या आरतीइतके पाठ असतात. मुंबईला गिरगावात किंवा डोंबिवलीत खोली घेऊन ठेवलेली असते ना पेडणेकरांनी? सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं, की गोवेकराची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागतो. खोली गिरगावात, तिची वाटणी पेडण्याच्या हिशोबानं.

म्हणून बँकेत नामनिर्देशन केलं की काम झालं, हा समज इथं विशेष धोक्याचा. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. मालक म्हणजे कायद्यानं ठरतात ते वारस. नॉमिनी तरीही हवाच, कारण त्याच्यावाचून बँकेतून पैसे बाहेर निघायलाच वर्ष जातं. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहून. जुन्या पावत्या काढून पाहा. पुष्कळ ठिकाणी नॉमिनी म्हणून आई असते आणि ती केव्हाच देवाघरी गेलेली असते.

कागदाचं एवढं महत्त्व गोवेकरांना पटवून द्यावं लागू नये, कारण त्यांनी एक अख्खी बँक समुद्रापार जाताना पाहिली आहे. बांकू नासियोनाल उल्त्रामारिनु ही लिस्बनची बँक, गोव्यात तिची शाखा 1868 साली उघडली. वसाहतीच्या नोटा तीच छापायची. लोक तिथं पैसे ठेवत, नड पडली की दागिने गहाण टाकत. मुक्तीच्या सुमारास हे गहाण सोनं लिस्बनला हलवण्यात आलं. पाटल्या, गोठ, मंगळसूत्रं पोर्तुगालला गेली आणि मालक इथं राहिले. दोन्ही देशांचे संबंध तुटले, जुळले, बोलणी झाली आणि सोनं गोव्यात परत आलं ते 1991 मध्ये. स्टेट बँकेमार्फत ते मालकांकडे किंवा त्यांच्या वारसांकडे जायचं होतं. तीस वर्षं! गहाण ठेवणारी सून सासू होऊन गेलेली. अशा वेळी 'ही पाटली माझ्या आजीची' हे सिद्ध करायला हातात काय लागतं, विचार करा. एक पावती, तिच्यावरचं एक नाव आणि त्या नावाशी आपलं नातं सांगणारा दुसरा कागद.

या गोष्टीत पैशाचा एक मोठा धडा दडलाय, तो मी आकड्यांतच सांगतो. 1961 साली दहा ग्रॅम सोनं साधारण 120 रुपयांना मिळायचं, 1991 मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. जवळजवळ तीसपट. कुलपात पडून राहिलेली पाटली बसल्या जागी साधारण दर सहा वर्षांनी दुप्पट होत गेली. हा हिशोब करायला कॅल्क्युलेटर लागत नाही. 72 ला दरानं भागा, दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. इटलीचा लुका पाचोली यानं 1494 मध्ये छापलेल्या गणिताच्या पुस्तकात ही युक्ती आहे. म्हणजे वास्को द गामा भारतात पोचायच्या चार वर्षं आधी!

पण म्हणून म्हातारपणीचा सगळा पैसा सोन्यात घालावा का? नाही. 1996 ते 2001 या वर्षांत सोनं वर जायच्या ऐवजी खाली आलं होतं. त्या पाच वर्षांत ज्याला औषधपाण्यासाठी पाटली मोडावी लागली, त्याला तीस वर्षांची सरासरी सांगून काय उपयोग? शिवाय पाटली दर महिन्याला दूधवाल्याचं बिल देत नाही.

बहात्तरचा आकडा उलटाही चालतो, आणि निवृत्तांनी तो उलटाच जास्त वापरावा. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. साठीला महिना 20,000 मध्ये चालणारं घर बहात्तराव्या वर्षी 40,000 मागतं आणि चौऱ्याऐंशीला 80,000. साठीत प्रत्येकाला वाटतं, आता खर्च कमी होणार. कपडे, प्रवास, मुलांची फी हे कमी होतंही. पण घटणाऱ्या गरजा आणि वाढणारे भाव यांच्या शर्यतीत भाव जिंकतात. गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना ज्येष्ठांना महिना 2,000 रुपये देते. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं नाव तिला दिलंय. कितीतरी एकट्या म्हाताऱ्यांना तेवढाच हातचा पैसा असतो. ही रक्कम वाढली नाही तर बारा वर्षांनी तिच्यात हजाराचा बाजार होईल. इथंही अर्धंच.

मग काय करायचं? माझं मत असं, की पहिलं पाऊल कंटाळवाणंच असावं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात किंवा बँकेत. वय 60 पूर्ण हवं, एका माणसाला 30 लाखांपर्यंत, मुदत 5 वर्षं, नंतर तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. एप्रिल 2023 मध्ये तिचा दर 8.2 टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दराचा फेरविचार करतं, पण आपण ठेवलेल्या दिवशीचा दर आपल्याला पूर्ण मुदतभर मिळतो. 8.2 टक्क्यांनी 30 लाखांवर तिमाहीला 61,500 रुपये हातात येतात. संयुक्त खातं फक्त नवरा-बायकोचं चालतं आणि रक्कम पहिल्या नावाची धरतात. म्हणून दोघांनी वेगवेगळी खाती काढली तर घराची मर्यादा 60 लाख होते. हे झालं की सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात, दवाखान्यासाठी वेगळी ठेव, आणि दहा वर्षं हात लावायची गरज नाही असा थोडा भाग म्युच्युअल फंडात, चौऱ्याऐंशीच्या वर्षासाठी. साठीतला माणूस आपल्याला दहा वर्षं असल्याचं मान्य करायला लाजतो. बहुतेकांना वीस असतात.

एकाच विहिरीवर सगळं शेत ठेवू नये, हे डिचोलीला शिकवायला नको. शिरगाव, मये, पिळगावच्या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक मुंगीच्या रांगेसारखे चालायचे. कर्ज काढून ट्रक घ्यायचा, त्याच्या भाड्यावर मुलांची लग्नं आणि पुढे आपली पेन्शन, असा कितीतरी घरांचा बेत होता. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. मधे सुरू झाल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते उभे राहिले नाहीत. तिकडे पेडण्यात उलटं वारं. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. जमीन विकून एकरकमी पैसा घरात येतो आणि त्याबरोबर ओळखीचे, सोयरे, योजना सांगणारे. मोठी रक्कम आली की सहा महिने ती सरळ बँकेत ठेवून गप्प बसावं. त्या काळात येणाऱ्यांपैकी निम्मे आपोआप गळतात. मुलाच्या नावावर घर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात 'आमचा सांभाळ करावा' ही अट लिहून घ्यावी. ज्येष्ठांच्या 2007 च्या कायद्यानुसार ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. प्रेमानं अट लिहायची राहून गेली तर भांडण अवघड होतं.

सरळ बँकेत म्हटलं, पण कुठल्या? इथं मला तारखांचा एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1960 साली लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. त्यातून धडा घेऊन भारतानं ठेवींचा विमा सुरू केला, 1 जानेवारी 1962 ला. गोवा मुक्त होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. एका बँकेचं सोनं समुद्रापार गेलेलं असताना, दुसऱ्या टोकाला ठेवीदाराचे पहिले 1,500 रुपये सुरक्षित करणारी व्यवस्था जन्माला येत होती. ती मर्यादा वाढत 1993 मध्ये एक लाख झाली आणि 4 फेब्रुवारी 2020 ला पाच लाख. त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल 2020 मध्ये, रिझर्व्ह बँकेनं म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. दोन महिन्यांच्या त्या फरकानं ठेवीदारांची हमी लाखाची पाच लाख झाली होती. पुढच्याच वर्षी मडगाव अर्बनचाही परवाना गेला. आता बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम 90 दिवसांत द्यावी, असा नियम आहे.

हा विमा प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत पाच लाख, मुद्दल आणि व्याज धरून. पण 'ठेवीदार' म्हणजे कोण, याचं उत्तर फार मजेशीर आहे. नवऱ्याचं एकट्याचं खातं हा एक ठेवीदार. बायकोचं एकटीचं हा दुसरा. दोघांचं संयुक्त खातं, नवऱ्याचं नाव आधी, हा तिसरा. आणि तेच दोघं, तीच बँक, फक्त बायकोचं नाव आधी, हा चौथा! नावांचा क्रम बदलला की विमा वेगळा मोजतात. एकाच शाखेत एकाच जोडप्याचे 20 लाख असे पूर्ण सुरक्षित राहू शकतात.

माझी एक काकी डिचोलीला असते. ठेवींचं नूतनीकरण होतं म्हणून तिच्याबरोबर बँकेत गेलो होतो. पिशवीत प्लास्टिकच्या जुन्या कव्हरात तीन पावत्या, तिन्हींवर काकांचं नाव आधी, तिचं खाली. काका पंख्याखालच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी तिला हे नावांच्या क्रमाचं आणि अर्ध्या व्याजाचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग काउंटरवरच्या मुलीकडे तिसरी पावती सरकवली. "हिचेर म्हजें नांव पयलें घाल गो बाय," ती म्हणाली.

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आनी म्हजें?"

"तुजें सकयल."

मुलीनं नवा फॉर्म काढला आणि पहिली सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारली.